जुनी जिप्सी साठच्या वेगाला थरथरते: ट्रान्सफर केस उघडण्याआधी

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. २००४ सालची जिप्सी किंग, कलमांच्या बागेत जायला आणि कणकवलीच्या फेऱ्यांना वापरतात. ताशी ५५ ते ६५ किलोमीटरच्या मध्ये पायाखालचा पत्रा आणि सीट थरथरते, सत्तरच्या पुढे कमी वाटते. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की थरथर बरीचशी जाते. टायर नवे आहेत, बॅलन्सिंग दोनदा झालं. मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे) गेल्या दिवाळीत बदलले. पाट्यांना (पट्टीच्या स्प्रिंगांना) लांब शॅकल, म्हणजे पाटा चॅसिसला टांगणारी कडी, घालून गाडी थोडी उचललेली आहे. यंदाचा पावसाळाभर गाडी मांगरात (शेतावरच्या खोपीत) उभी होती. आता मेस्त्री म्हणतात ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी गिअरची पेटी) उघडूया. उघडू का?

इतक्यात उघडू नका. केस चांगलीच आहे असं मी म्हणत नाही, गाडी न बघता कोणी तसं म्हणूही नये. पण तुम्ही सांगितलेल्या खुणांपैकी एकही सरळ तिच्याकडे बोट दाखवत नाही. आतलं बेअरिंग किंवा गिअर गेला की आधी रडका आवाज येतो, ऑइल काढलं तर त्यात चुरा दिसतो, कधी उतारावर लिव्हर आपोआप निसटतो. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. केस उघडायची म्हणजे सील, गॅस्केट, शिम आणि दोन दिवसांची मजुरी. एवढं करून थरथर तशीच राहिली, तर पुढे काय करायचं हे कोणालाच सुचत नाही.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. टायर बदलले, बॅलन्सिंग केलं, क्रॉस बदलले, आणि प्रत्येक वेळी अंदाजाने. थरथर कोणत्या फिरत्या वस्तूच्या तालावर चालते हे अजून कोणी पाहिलेलं नाही. मी कुडाळात गॅरेज चालवतो आणि जुन्या जीप-जिप्सी हेच माझं मुख्य काम. ज्या मेस्त्रींच्या हाताखाली शिकलो ते गाडी आली की पहिला अर्धा तास पान्याला हात लावू देत नसत. म्हणायचे, "आदी आयक, मगे हात लाव." थरथरीच्या बाबतीत मी आजही तसंच करतो.

आधी गाडीची रचना डोळ्यांसमोर आणा, कारण जिप्सी इथे इतर बऱ्याच गाड्यांपेक्षा वेगळी आहे. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, ती मागे स्वतंत्र, रबरी माउंटिंगवर चॅसिसला टांगलेली आहे. म्हणून शाफ्ट दोन नव्हे, तीन आहेत: गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस हा छोटा शाफ्ट, तिथून मागच्या डिफरन्शियलला (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीला) जाणारा लांब शाफ्ट आणि पुढच्या ॲक्सलला जाणारा तिसरा. शाफ्ट म्हटलं की बहुतेकांना फक्त मागचा आठवतो. तुमच्याकडेही क्रॉस फक्त त्याचेच बदलले गेले.

आता थोडा हिशोब करू. २०५/७० आर १५ हा टायर एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला पावणेसतरा मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे ८ फेरे घेतं. डिफरन्शियलचं प्रमाण जवळपास ३.९ आहे, तेव्हा मागचा लांब शाफ्ट सेकंदाला ३१ फेरे घेतो. आणि जिप्सीत ट्रान्सफर केसची नेहमीची, म्हणजे हाय रेंजसुद्धा एकास एक नाही, ती सुमारे १.४ आहे. म्हणून छोटा शाफ्ट त्याच वेगाला सेकंदाला ४४ च्या आसपास फिरतो. क्रॉसचा दोष बहुतेकदा प्रत्येक फेऱ्यात दोन धक्के देतो, म्हणजे मागच्या शाफ्टचा ६२ आणि छोट्याचा ८८.

या आकड्यांचा उपयोग असा. सेकंदाला ८ चा हादरा अंगाला एकेक सुटा जाणवतो, धडधड म्हणावी असा. स्टिअरिंग आणि आरसा हलतो. ३० ते ४५ ची थरथर पायाच्या तळव्यांना झिणझिण्या आणते. ६० च्या वर गेलं की ती कानाला घुमल्यासारखी लागते. तुम्ही लिहिलं आहे की पायाखालचा पत्रा आणि सीट थरथरते, स्टिअरिंगचा उल्लेखही नाही. तेव्हा टायर आणि रिम माझ्या यादीत खाली जातात. मोबाइलवर कंपनं मोजणारी ॲप मिळतात. फोन सीटच्या पायाशी दुहेरी टेपने घट्ट चिकटवा, शेजारी बसलेल्याला आकडा बघायला सांगा, चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही. बऱ्याच फोनना ५० च्या वरचं नीट मोजता येत नाही, पण ८, ३१ की ४४ एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

मग रस्त्यावरच्या चाचण्या. कणकवली-कुडाळच्या बाजूला चौपदरी महामार्गाचा सपाट पट्टा आहे, तिथे पहाटे जा. देवगडच्या वळणा-चढणांवर हे होणार नाही. आधी उभ्या गाडीत, न्यूट्रलला, इंजिन हळूहळू तीन हजारांपर्यंत न्या. थरथर तिथेच आली तर मामला इंजिनाचा, क्लचचा किंवा इंजिन माउंटिंगचा, आणि शाफ्टचा विषय संपला. नाही आली तर ६० ला चौथ्या आणि मग पाचव्या गिअरमध्ये चालवून बघा. इंजिनाचे फेरे बदलतात, गिअरबॉक्सच्या मागचं काहीच बदलत नाही. थरथर दोन्हीकडे सारखी असेल तर ती गिअरबॉक्सच्या मागे आहे. तिसरी चाचणी: ७० वरून न्यूट्रल करा आणि गाडी आपली आपण ५० वर येऊ द्या. इंजिन बंद करू नका, ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंग लॉक दोन्ही धोक्यात येतात.

या तिसऱ्या चाचणीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. नुसता तोल गेलेला शाफ्ट, वाकलेला रिम किंवा खराब टायर यांना ॲक्सिलरेटर दाबलाय की सोडलाय याच्याशी काही देणंघेणं नसतं. साठचा वेग आहे ना, मग ते हलवणारच. पाय उचलताच थरथर जाते म्हणजे तिला जोर लागतो. जोर आल्यावर बदलतं ते काय? शाफ्टांचे कोन बदलतात, माउंटिंग दबतं, ढिल्या जॉइंटची ढिलाई एका बाजूला जाते. म्हणून तुमच्या गाडीत माझा पहिला संशय कोनांवर आणि माउंटिंगवर आहे, तोलावर नंतर.

तुमच्या लांब शॅकलचा मुद्दा इथे येतो. क्रॉस कोनात फिरला की त्याच्या पुढचा भाग एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा जरा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात असेल तर तो हा फरक पुसून टाकतो. कोन वेगळे झाले की पुसणं अपुरं राहतं आणि उरलेला फरक तुमच्या पायाला लागतो. मागच्या पाट्याची शॅकल मागच्या टोकाला असते. ती लांब केली की पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि ॲक्सल थोडा गोल फिरून पिनियनचं, म्हणजे शाफ्ट ज्याला जोडतो त्या डिफरन्शियलच्या गिअरचं, नाक वर उचललं जातं. त्यात ॲक्सिलरेटर दाबला की पाटा पीळ खातो आणि ते नाक अजून वर जातं. पाय उचलला की परत खाली येतं. तुमच्या वर्णनाशी हे फार जुळतं.

मोजायला अवघड काही नाही. गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी, रोजचं वजन आत. मोबाइलमधलं लेव्हल किंवा बाजारात मिळणारा डिजिटल अँगल गेज घ्या. ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजचा (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीचा) आणि डिफरन्शियलच्या पिनियन फ्लँजचा उभा कोन मोजा. दोन्ही फ्लँज एकमेकींना समांतर हव्यात. एका अंशापर्यंतचा फरक मी चालवून घेतो. तीन-चार अंश निघाला तर आधी मूळ मापाची शॅकल घालून गाडी चालवून बघा, कारण ती बहुधा अजून मांगराच्या कोपऱ्यात पडलेली असेल आणि खर्च शून्य आहे. गाडी उंचच ठेवायची असेल तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये उतरत्या लोखंडी पाचरी बसवून पिनियन सरळ करता येतो. पाचर बाहेर सरकू नये म्हणून सेंटर बोल्टातूनच बसवायची आणि यू-बोल्ट नवे घ्यायचे.

इथे एक गोष्ट मात्र तुमच्याकडूनच कळायला हवी, ती तुम्ही लिहिली नाही. थरथर सुरू झाली कधी? शॅकल घातल्यावर लगेच, क्रॉस बदलल्यावर, की पावसाळ्यानंतर? उत्तर यावर बरंच अवलंबून आहे. शॅकलला तीन वर्षं झाली आणि थरथर दोन महिन्यांची असेल, तर कोन हे एकटं कारण असणार नाही.

माउंटिंग बघायला पाच मिनिटं लागतात. ट्रान्सफर केसचे रबर तेलाने फुगतात, आणि जुन्या जिप्सीत गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल झिरपणं नेहमीचंच. रबर वरून धड दिसतं आणि आतून धातूपासून सुटलेलं असतं, म्हणून नुसतं बघून चालत नाही. लांब टॉमी (लोखंडी दांडा) घालून केस हळू उचला. रबर आणि पत्रा यांच्यात फट उघडली तर ते गेलं. अजून एक खूण गाडीतच मिळते: ६० ला जोर देताना फोर-व्हील-ड्राइव्हचा लिव्हर हलतो आणि पाय उचलल्यावर शांत होतो, तर आधी माउंटिंगच बघा. केस पीळ खाऊन सरकली की छोट्या शाफ्टचा कोन बिघडतो. तो शाफ्ट आखूड आहे, त्यामुळे केस थोडी सरकली तरी कोन बराच बदलतो, आणि तो फिरतोही सगळ्यात जोरात. माउंटिंग बदलाल तर सगळी एकदम बदला. दोन जुनी आणि एक नवं असलं की केस तिरकी बसते.

छोट्या शाफ्टवर संशय पक्का करायची एक चाचणी मला आवडते. तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना लॉकिंग हब (चाक ॲक्सलला जोडणारी-सोडणारी कळ) असतील तर ते फ्री करा आणि फोर-लो, म्हणजे चारही चाकांच्या जोराची हळू रेंज, टाका. हब फ्री असल्यामुळे जोर फक्त मागच्या चाकांना जातो, डांबरी रस्त्यावरही काही बिघडत नाही. लो रेंजमध्ये त्याच वेगाला छोटा शाफ्ट हायच्या सुमारे १.६ पट फिरतो, मागचा शाफ्ट तेवढाच. म्हणजे ६० ला येणारी थरथर आता ३७-३८ लाच आली, तर ती ट्रान्सफर केसच्या पुढच्या बाजूची. ३७-३८ ला काहीच नाही, तर मागचा शाफ्ट. लोमध्ये ४० च्या पुढे रेटू नका, इंजिन उगाच ताणलं जातं. हब नसतील किंवा फिक्स असतील तर कोरड्या डांबरावर हे अजिबात करू नका. पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांमधला फरक मुरायला जागा मिळत नाही आणि पीळ सगळा शाफ्ट-क्रॉसवर बसतो.

आता बदललेले क्रॉस. नवे आहेत म्हणून ते निर्दोष असं धरू नका. क्रॉस हातोड्याने ठोकून बसवला की कपातल्या बेअरिंगची एखादी सुई आडवी पडते आणि जॉइंट एका दिशेने जड होतो. शाफ्ट उतरवून प्रत्येक जॉइंट हाताने दोन्ही दिशांना फिरवा. तो लोण्यातून फिरल्यासारखा हवा, कुठेही अडखळायला नको. चार महिने मांगरात उभ्या राहिलेल्या गाडीत मला नेहमी वेगळाच दोष सापडतो: दमट खाऱ्या हवेत सुया एकाच जागी गंजतात आणि कपात खाचा पडतात. हलवून बघितलं तर ढिलाई नसते, पण मध्यावर आला की जॉइंट खटकन बसतो. असा क्रॉस ग्रीस भरून सुधारत नाही. ज्याला ग्रीस भरायचं निपल आहे त्यात चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन चालवायची. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर तो चौथाच आधी जाणार.

त्याच वेळी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे तुकडे) बघा. क्रॉस बदलताना बरेचदा स्लिप जॉइंट (शाफ्टचा सरकता जोड) ओढून शाफ्टचे दोन तुकडे करतात, आणि परत घालताना स्प्लाइन (जोडाच्या दातेरी खाचा) एखाद-दुसऱ्या दाताने चुकतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एका सपाटीत असायला हवेत. एका टोकाकडून शाफ्टवरून नजर लावली की लगेच कळतं. चुकलं असेल तर क्रॉस कितीही नवे असोत, पहिला क्रॉस जो फरक आणतो तो दुसरा पुरता पुसत नाही, चूक मोठी असेल तर उलट वाढवतो. बाण किंवा पंचाची खूण असते, गंजाखाली दडलेली असते, वायर ब्रशने घासून शोधा. तुमच्या गाडीत ही चूक निघाली तर मला नवल वाटणार नाही.

कोकणातल्या गाडीचं एक कारण बाहेरच्या माहितीत सहसा सापडत नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. वेंगुर्ल्याकडची एक जुनी जीप माझ्याकडे आली होती, जवळपास अशीच तक्रार घेऊन. मी क्रॉस बदलले, पिनियनची ढिलाई तपासली, चाकं फिरवून पाहिली. थरथर जागेवर. तिसऱ्या खेपेला शाफ्टवरून हात फिरवला तेव्हा नळीच्या एका बाजूला जाड थर लागला. पावसाळ्याआधी कुठेतरी खालून काळं अंडरकोटिंग मारून घेतलं होतं, शाफ्ट न फिरवता, म्हणून सगळा लेप खालच्या अंगाला बसला होता. रॉकेल आणि खरवडणी घेऊन पाऊण तास घासलं आणि गाडी शांत झाली. गिऱ्हाईकाने क्रॉसचे पैसे दिले होते, ते मी परत केले, कारण ते काम त्या गाडीला लागलंच नव्हतं. तेव्हापासून गाडी आली की शाफ्ट आधी स्वच्छ पुसतो. तुम्हीही पुसा. फक्त नळीवर स्पॉट वेल्डने चिकटवलेली छोटी पट्टी दिसली तर ती खरवडू नका, तो तोलाचा तुकडा आहे. आणि तिथे नुसती वेल्डची खूण असेल, पट्टी नसेल, तर ती गंजून पडली आहे. शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवावा लागेल.

रिमच्या आतल्या अंगाला सुकलेला तांबडा चिखलही त्याच जातीचा. बॅलन्सिंग करून आलात, दुसऱ्या दिवशी बागेत गेलात, मुठीएवढा गोळा आत चिकटून वाळला, की केलेलं बॅलन्सिंग गेलं. पण ती चाकाची धडधड असते, तुमची नव्हे. खड्ड्यात चाक आदळल्यावर स्टिअरिंग डावी-उजवीकडे झडझडत सुटत असेल तर तो किंगपिन बेअरिंगचा प्रश्न आहे आणि या उत्तराच्या बाहेरचा.

एवढं करून काहीच सापडलं नाही, तर मी मागचा शाफ्ट दोन्ही फ्लँजवरून सोडून बाजूला ठेवतो, हब लॉक करतो, फोर-हाय टाकतो आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालवतो. मागचा ॲक्सल मोकळा असल्याने डांबरावर पीळ बसत नाही. थरथर गेली तर दोष मागचा शाफ्ट, त्याचे कोन किंवा पिनियन यांत आहे. राहिली तर छोटा शाफ्ट, माउंटिंग, आणि त्यानंतर केस. केसचा नंबर मी इथे लावतो, त्याआधी नाही. या चाचणीत एक धोका आहे: काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो, मागचा शाफ्ट काढला की तो गाडी धरत नाही. चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय बोल्टला हात लावू नका. छोटा शाफ्ट मात्र घरी काढू नका, ते काम गॅरेजातच होऊ द्या.

आणि खाली शिरताना जॅकवर भरवसा ठेवू नका, घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा. आपल्याकडे हाताशी चिरे असतात म्हणून लोक ते गाडीखाली रचतात. जांभा ओला असला की अचानक फुटतो, आधी काही इशारा देत नाही. फ्लँजचे बोल्ट परत लावताना मूळचेच लावा. बदलायची वेळ आली तर डोक्यावर १०.९ कोरलेले घ्या, हार्डवेअरच्या दुकानातले साधे नकोत.

कामाचा क्रम मी असा धरीन: शाफ्ट पुसणं, योकच्या कानांची सपाटी, माउंटिंग, मग कोन. पहिल्या तिन्हींना मिळून अर्धा दिवस पुरतो आणि एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. तुमच्या मेस्त्रींनाही हे दाखवा, त्यांच्या हातात गाडी आहे आणि मी इथून बोलतोय. मला तीन गोष्टी कळवा: थरथर कधीपासून, न्यूट्रलला ६० वर राहते की जाते, आणि दोन फ्लँजचे कोन किती अंश. शाफ्ट उतरवलात तर एका टोकाकडून सरळ नजरेत दोन्ही योक येतील असा फोटो काढून ठेवा.